सही एकाची, वाक्य दुसऱ्याचं

"म्हणजे निकाल तुम्हीच लिहिता?"

आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीशांचा विधी सल्लागार म्हणून काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. त्यात खरं तर दोन शंका असतात. निकाल हे लिहीत असतील, तर न्यायाधीश काय करतात? आणि हे लिहीत नसतील, तर यांना पगार कशाचा मिळतो? माझ्या साताऱ्याच्या आत्याने हा गुंता आपल्यापुरता सोडवून टाकला आहे. ती सगळ्यांना सांगते, "आमची पोर तिकडे जजसाहेबांची कारकून आहे." मला हा शब्द खटकत नाही. आपल्याकडे चिटणीस, फडणीस, कारकून यांनी राज्यं चालवली आहेत आणि बुडवलीही आहेत. लिहिणाऱ्याच्या हातात किती सत्ता असते, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

या लेखात मी काम केलेल्या खटल्यांविषयी काहीही येणार नाही. न्यायाधीशांच्या विचारविनिमयाची गुप्तता पद सोडल्यावरही सुटत नाही, आणि ती सुटू नये असंच मला वाटतं. ज्यांविषयी बोलणार आहे ते निकाल सर्वांसाठी खुले आहेत. प्रश्न मात्र माझा आहे: ज्या निर्णयावर माझी सही नाही, पण ज्यातली वाक्यं माझी आहेत, त्याची नैतिक जबाबदारी माझ्यावर किती?

काम काय असतं

बहुतेक मराठी वाचकांना हेग आठवतं ते कुलभूषण जाधव प्रकरणामुळे. 17 जुलै 2019 रोजी त्या प्रकरणाचा निकाल देणारं आंतरराष्ट्रीय न्यायालय देशादेशांमधले तंटे ऐकतं. मी फौजदारी बाजूची. तिथे आरोपीच्या पिंजऱ्यात देश नसतो, माणूस असतो: सेनापती, मंत्री, छावणीचा प्रमुख, कधी साधा शिपाई.

खटल्यासाठी सहसा तीन न्यायाधीशांचं पीठ असतं आणि अपिलासाठी पाच जणांचं. एक जण लॅटिन अमेरिकेतला, एक आफ्रिकेतला, एक युरोपातला. कोणी आयुष्यभर फौजदारी न्यायाधीश राहिलेला, तर कोणी प्राध्यापक किंवा राजदूत. त्यांच्यामागे विधी अधिकाऱ्यांची तुकडी असते आणि तिच्या वरच्या टोकाला वरिष्ठ सल्लागार. खटला वर्षानुवर्षं चालतो. शेकडो साक्षीदार, हजारो कागद, टेलिफोनवरच्या संभाषणांचे उतारे, थडगी उकरून काढलेल्या अवशेषांचे अहवाल. हे सगळं वाचून, लावून, एकमेकांशी ताडून पाहणं हे आमचं पहिलं काम. मग टिपण: या मुद्द्यावर पुरावा काय सांगतो, बचाव पक्षाचं म्हणणं काय, कायद्याचे आधीचे दाखले काय, कुठे जागा मोकळी आहे. टिपणावर न्यायाधीश बंद दाराआड चर्चा करतात. ते कौल देतात आणि मग मसुदा लिहायला आमच्याकडे येतो. मसुदा परत जातो, खुणा होऊन येतो, पुन्हा जातो. असे पंधरा-वीस फेरे झाले की त्यावर सह्या होतात.

तेव्हा "मी फक्त लिहिते" आणि "खरं तर मीच ठरवते" ही दोन्ही उत्तरं खोटी आहेत. पहिलं विनयाचं सोंग घेऊन जबाबदारी झटकतं. दुसरं पार्टीत दोन पेले झाल्यावर तरुण सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकू येतं. ज्याने एकदा तरी न्यायाधीशाला स्वतःचा सुरेख मसुदा उभा-आडवा खोडताना पाहिलं आहे, तो असं म्हणणार नाही.

एका शब्दाचं वजन

नारायणराव पेशव्यांच्या खुनाची गोष्ट आपण शाळेत ऐकतो. 'धरावे' असा हुकूम होता, कोणीतरी 'ध'चा 'मा' केला आणि 1773 साली शनिवारवाड्यात रक्त सांडलं. ते नेमकं तसंच घडलं की नाही यावर इतिहासकारांचे वाद आहेत. पण ती गोष्ट भाषेत म्हणून रुतून बसली, याचं कारण तिने लेखणीची भीती एका अक्षरात पकडली. हुकूम देणारा एक, लिहिणारा दुसरा, अंमल करणारा तिसरा. पाप कोणाच्या पदरी?

निकालपत्रात 'ध'चा 'मा' इतका ढळढळीत होत नाही. तिथे फरक दोन शब्दांच्या सावलीत असतो. स्रेब्रेनित्सामध्ये जुलै 1995 मध्ये 7000हून अधिक बोस्नियन मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्या भागातल्या ड्रिना कोअरचा अधिकारी राडिस्लाव्ह क्रिस्टिच याला युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाने ऑगस्ट 2001 मध्ये वंशसंहाराबद्दल दोषी ठरवून 46 वर्षांची शिक्षा दिली. एप्रिल 2004 मध्ये अपील कक्षाने म्हटलं की स्रेब्रेनित्सात वंशसंहार झाला हे सिद्ध आहे; पण तो करण्याचा हेतू स्वतः क्रिस्टिचच्या मनात होता, हे सिद्ध होत नाही. इतरांचा हेतू त्याला माहीत होता आणि त्याने आपली माणसं व साधनं वापरू दिली. म्हणून तो वंशसंहाराला साहाय्य केल्याबद्दल दोषी. शिक्षा 35 वर्षं.

'माहीत होतं' आणि 'हेतू होता' यांच्यामध्ये 11 वर्षं आहेत. ज्यांची मुलं गेली त्या आयांच्या दृष्टीने त्या दोन शब्दांमध्ये वर्षांपेक्षा बरंच काही आहे. हा फरक न्यायाधीश ठरवतात. पण टेबलावर मजकूर येतो तेव्हा 'त्याला कळलं असलं पाहिजे', 'त्याला कळलं होतं' आणि 'त्याची इच्छा होती' यांतलं एक क्रियापद कोणीतरी आधीच निवडलेलं असतं. पुराव्याच्या एका ढिगातून ही तिन्ही क्रियापदं तयार होऊ शकतात. आळसाने, घाईने किंवा वाक्याच्या लयीखातर मी एक पायरी वर चढले, तर वाचणाऱ्याला ती पायरी दिसेलच असं नाही. चांगली भाषा पायऱ्या लपवते. हा या धंद्यातला सगळ्यात मोठा धोका आहे, आणि गंमत अशी की आम्हाला नोकरी मिळते ती चांगल्या भाषेमुळेच.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी कर्मणी प्रयोगापासून सावध करते. 'कैद्यांना बसमधून नेण्यात आलं आणि त्यांना ठार करण्यात आलं.' इंग्रजीत आणि मराठीत हे वाक्य सारखंच सभ्य दिसतं. कोणी नेलं? कोणी गोळ्या घातल्या? माहीत असेल तर नाव लिहा. माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहा. सामूहिक गुन्ह्याच्या निकालात कर्ता गाळणं म्हणजे जो प्रश्न सोडवायला न्यायालय उभारलं, तोच गाळणं.

कायद्याचं उत्तर

लिहिलं कोणी, हा प्रश्न एकदा खरोखरच कोर्टात गेला, तोही हेगमध्येच. युकोस या तेल कंपनीच्या भागधारकांना रशियाने 50 अब्ज डॉलर्सहून जास्त भरपाई द्यावी, असा लवादाचा निवाडा जुलै 2014 मध्ये झाला. रशियाने तो रद्द करून घेण्यासाठी जी कारणं दिली, त्यांत एक असं होतं: लवादाच्या साहाय्यकाने कोणत्याही पंचापेक्षा जास्त तासांचं बिल लावलं आहे, आणि भाषातज्ज्ञाच्या विश्लेषणानुसार निवाड्याचे मोठे भाग त्यानेच लिहिले आहेत. वाक्यांची लांबी, आवडते जोडशब्द यांच्या ठशांवरून लेखक ओळखायचा, जणू गुन्ह्याच्या जागेवर बोटांचे ठसे. हेगच्या अपील न्यायालयाने 2020 मध्ये हा मुद्दा फेटाळला. मसुदा साहाय्यकाने केला असला तरी पंचांनी तो तपासून आपला म्हणून स्वीकारला असेल, तर निर्णय पंचांचाच, असा त्यामागचा विचार.

कायद्याचं हे उत्तर मला पटतं. दुसरं उत्तर व्यवहारात शक्यच नाही. हजार-दोन हजार पानांचे निकाल तीन माणसांनी एकटाकी लिहावेत असा आग्रह धरला, तर आरोपी तुरुंगातच म्हातारे होतील. पण हे उत्तर सहीबद्दल बोलतं, लिहिणाऱ्याबद्दल बोलत नाही. न्यायाधीशाने सही केली की जबाबदारी पूर्णपणे त्याची होते, हे मान्य. पण एका माणसावर जबाबदारी पूर्ण आली म्हणून दुसऱ्याची शून्य होते का? जबाबदारी ही काही वडिलोपार्जित जमीन नाही, की एकाच्या वाट्याला गेली म्हणजे दुसऱ्याचा वाटा कमी झाला. दोघांवर ती पूर्ण असू शकते. फक्त दोघांची जबाबदारी वेगवेगळ्या गोष्टींची असते.

न पटलेलं लिहिणं

माझ्यावर कशाची असते, ते न पटलेला निर्णय लिहिताना सगळ्यात स्पष्ट कळतं.

द्राझेन एर्देमोविच हा 1995 मध्ये ऐन विशीतला शिपाई होता. 16 जुलैला ब्रान्येव्हो इथल्या शेतावर बसमधून आणलेल्या माणसांना गोळ्या घालण्याचा हुकूम त्याला मिळाला. त्याने नकार दिला तेव्हा सांगण्यात आलं की इतकी दया येत असेल तर त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहा. त्याने गोळ्या घातल्या. पुढे हे सगळं त्याने स्वतःहून सांगितलं. प्रश्न असा की स्वतःचा जीव वाचवण्यासाठी निरपराधांना मारणं हा पूर्ण बचाव ठरू शकतो का? ऑक्टोबर 1997 मध्ये अपील कक्षाच्या पाचांपैकी तीन न्यायाधीश म्हणाले, नाही. शिक्षा कमी करण्यासाठी त्याचा विचार होईल, दोषमुक्तीसाठी नाही. दोघांनी भिन्नमत दिलं. त्यांतले अन्तोनियो कासेसे यांचं म्हणणं साधारण असं होतं की ज्याच्या नकाराने एकही जीव वाचणार नव्हता, त्याच्याकडून कायदा हौतात्म्याची मागणी करू शकत नाही. अखेर मार्च 1998 मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

तरुण सहकाऱ्यांना मी हे प्रकरण सराव म्हणून देते. आधी विचारते, तुमचं मत कोणत्या बाजूचं? मग सांगते, दुसऱ्या बाजूचा मसुदा करा, आणि तो असा करा की त्या बाजूच्या न्यायाधीशाने आनंदाने सही करावी. बहुतेकांची लेखणी कुठेतरी अडते. कोणी विरुद्ध बाजूला तिचा दुबळा युक्तिवाद देतं आणि बळकट युक्तिवाद विसरतं. कोणी सगळं नीट मांडतं, पण एखादं 'कदाचित' पेरून ठेवतं, म्हणजे पुढे कोणीतरी तिथून भिंत फोडावी. हे 'कदाचित' म्हणजे विश्वासघात आहे, असं मी त्यांना सांगते. तुमचं मत टिपणात ठासून लिहा, चर्चेत विचारलं तर तोंडावर सांगा, एकदा नाही तर दोनदा सांगा. कौल झाल्यावर मात्र मसुद्यात चोरवाटेने ते आणू नका. तुम्हाला कोणी निवडून दिलेलं नाही, तुम्ही कोणाला उत्तरदायी नाही, तुमच्या मतावर अपील होत नाही. न्यायाधीशाचं न पटणारं मत प्रामाणिकपणे लिहिण्यात स्वतःचं मत विकणं नाही. उलट ज्याच्याकडे निर्णयाचा अधिकार आहे, त्याच्याच हाती तो राहू देणं आहे.

पण याला एक मर्यादा आहे, आणि या कामाची सगळी नीती माझ्या मते त्या मर्यादेवर उभी आहे. मला न पटणारा निर्णय आणि लिहूनच होत नाही असा निर्णय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधीकधी कौल ठरलेला असतो, दिशा ठरलेली असते आणि तरी चौथ्या परिच्छेदापाशी मजकूर थांबतो. पुराव्याकडून निष्कर्षाकडे जाणारी एक फळी नसते. अशा वेळी दोन मार्ग असतात. एक, 'सर्व पुराव्याचा साकल्याने विचार करता' असलं भारदस्त वाक्य टाकून भोक बुजवायचं. दुसरा, मसुदा जिथे थांबला तिथेच थांबवून न्यायाधीशांकडे जायचं आणि सांगायचं, "इथे फळी नाही. तुम्हाला दिसत असेल तर दाखवा." आणि कित्येकदा त्यांना ती दिसत असते. कधी दिसत नाही, आणि मग निष्कर्ष बदलतो. व्यासांनी गणपतीला अट घातली होती म्हणे, की अर्थ समजल्याशिवाय एकही श्लोक लिहायचा नाही. लेखनिकाच्या नीतीचं याहून नेमकं वर्णन मला ठाऊक नाही. समजल्याशिवाय लिहायचं नाही, एवढाच त्याचा अधिकार. आणि तो लहान नाही.

आधी निर्णय, मग कारणं

लिहिणं ही निर्णयाची परीक्षा असेल, तर निर्णय आधी जाहीर करून कारणं मागाहून देणं कितपत योग्य? आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात हे घडलं. आयव्हरी कोस्टचे माजी अध्यक्ष लोरां बाग्बो यांना 15 जानेवारी 2019 रोजी दोन विरुद्ध एक मताने तोंडी निकालाने निर्दोष ठरवण्यात आलं. लेखी कारणं आली 16 जुलैला, सहा महिन्यांनी. रोम संविधीच्या 74व्या कलमानुसार निर्णय लेखी आणि पूर्ण कारणांसह असला पाहिजे. त्यावर अपील झालं आणि मार्च 2021 मध्ये अपील कक्षाने बहुमताने निर्दोषत्व कायम ठेवलं.

सल्लागाराच्या खुर्चीतून पाहिलं तर ही अवघड जागा आहे. जाहीर झालेल्या निर्णयाची कारणं लिहिताना "फळी नाही" असं सांगायला जाण्यासाठी दारच उरत नाही. लेखणी परीक्षकाची वकील होते. पण दुसऱ्या बाजूला एक माणूस नोव्हेंबर 2011 पासून कोठडीत आहे. न्यायाधीशांचं मत झालं आहे की पुरावा अपुरा आहे. मग केवळ आमचा गद्यमजकूर पूर्ण व्हायचा आहे म्हणून त्याला आणखी सहा महिने आत ठेवायचं?

मला वाटतं, इथे तराजूची दोन्ही पारडी सारखी नाहीत. सुटकेसाठी कारणं थांबू शकतात, कारण सुटका ही माणसाची मूळ स्थिती आहे. ती हिरावून घेणाऱ्याला कारण द्यावं लागतं. दोषी ठरवताना मात्र एक तासही आधी बोलू नये. ज्या शिक्षेची कारणं अजून लिहून झालेली नाहीत, ती अजून ठरलेलीच नाही. पीडितांना हे अन्यायकारक वाटेल, हे मला कळतं. निर्दोषत्व ऐकून सहा महिने 'का' या शब्दासह जगणं ही छोटी गोष्ट नाही. पण ती किंमत आणि कोठडीतल्या दिवसांची किंमत यांत निवड करायची वेळ आली, तर मी कोठडी आधी उघडेन.

"मी नसते तर"

न्युरेंबर्गमध्ये 1947 साली न्यायखात्याच्या माणसांवर खटला चालला. 16 आरोपी, सगळे कायदेतज्ज्ञ. त्यांतले फ्रान्स श्लेगेलबर्गर काही काळ हंगामी न्यायमंत्री होते. त्यांचा बचाव असा होता की मी राजीनामा दिला असता तर माझ्या जागी याहून वाईट माणूस आला असता. न्यायाधिकरणाने तो मानला नाही, जन्मठेप दिली.

या क्षेत्रातल्या माणसाने हे प्रकरण वरचेवर वाचावं. आमचे दिवस अशा आरोपींच्या सहवासात जातात, जे म्हणतात की मी फक्त कागद तयार केले, मी फक्त यादी पुढे पाठवली. निकालपत्रात त्यांना उत्तर देणारी वाक्यं आम्हीच लिहितो. मग संध्याकाळी घरी जाऊन "मी फक्त मसुदा करते" असं आम्ही कोणत्या तोंडाने म्हणायचं?

फरक आहे, आणि तो मोठा आहे. पण तो माझ्या चांगुलपणात नाही, व्यवस्थेत आहे. इथे कारणं प्रसिद्ध होतात, भिन्नमत छापलं जातं, वर अपील असतं, आरोपीला त्याच्या भाषेत निकाल वाचायला मिळतो. हे चार दरवाजे उघडे असतील तोवर न पटलेलं लिहिणं ही सेवा आहे. यातला एकेक बंद होऊ लागला, कारणं गुळगुळीत होऊ लागली, भिन्नमत देणाऱ्याला 'एकमत बरं दिसतं' म्हणून गळ घातली जाऊ लागली, तर तिथे थांबून "मी नसते तर" म्हणत राहणं हे श्लेगेलबर्गरचंच छोटं भावंड आहे.

दुष्ट हेतूपेक्षा सवय जास्त घातक असते. न्यायाधीश ठरावीक मुदतीसाठी येतात, फौजदारी न्यायालयात नऊ वर्षांसाठी. सल्लागार पुष्कळदा त्याहून जास्त राहतात. कायद्याचे ठरलेले परिच्छेद एका निकालातून दुसऱ्यात उचलले जातात. कुठल्याशा विसरलेल्या सहकाऱ्याने घाईत लिहिलेलं वाक्य दहा निकालांत उद्धृत होऊन 'प्रस्थापित तत्त्व' होतं. यावर उपाय माणसांच्या सद्गुणावर सोडू नये. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या 1976च्या अंतर्गत ठरावात एक चांगली पद्धत आहे: विचारविनिमयात प्रत्येक न्यायाधीशाने आपल्या मताचं लेखी टिपण द्यायचं, आणि निकालाचा मसुदा न्यायाधीशांच्याच समितीने करायचा. टिपणाला मदत कोणाचीही असो, मसुद्याआधी न्यायाधीशाला स्वतःच्या मताशी एकट्याने बसावं लागतं. फौजदारी न्यायालयांनीही हे उचलायला हरकत नाही. तिथे पुरावा डोंगराएवढा असतो आणि डोंगर चढवून देणारा वाटाड्याच शिखर ठरवण्याची भीती जास्त असते.

तोवर माझ्यापुरती एक कसोटी आहे. सह्यांच्या आधी मी मसुदा शेवटचा वाचते तेव्हा शब्द कमी तपासते. प्रत्येक परिच्छेदापाशी एवढंच पाहते: भर न्यायालयात आरोपी उभा राहिला आणि न्यायाधीशाला म्हणाला, "हे का?", तर माझ्याकडे न बघता त्याला उत्तर देता येईल का? येत असेल तर वाक्य कोणाचंही असो, निकाल त्याचा आहे. येत नसेल तर तो परिच्छेद मी पुन्हा त्याच्या टेबलावर ठेवते, कितीही उशीर झाला असला तरी.